निळ्या जर्सीतले बर्गी

फुटबॉलच्या प्रेक्षकांत दोन जाती. एक, घरच्या मैदानात बसून आपल्याच संघाला शिव्या घालणारी. दुसरी, परगावी जाऊन त्याच संघासाठी घसा फोडून घेणारी. मौज अशी की माणसं तीच असतात. अंधेरीच्या स्टँडमध्ये एका गृहस्थांना मी दर सामन्यात ऐकलंय. पंधरा मिनिटं झाली की त्यांचं सुरू होतं: "काढा रे याला बाहेर, याला घेतलाच कुणी?" हेच गृहस्थ 4 मे 2024 च्या रात्री, मुंबई सिटीच्या अंतिम सामन्याला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये माझ्या पुढच्या रांगेत होते, आणि आपल्या बचावपटूने घाबरून सरळ बाहेर भिरकावलेल्या चेंडूवर "शाब्बास! चांगला काढला!" म्हणत टाळ्या पिटत होते.

परक्या मैदानावर गेलेल्या माणसाचा पहिला हक्क जातो तो कुरकुरीचा. मला सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळं प्रवासवर्णन आहे.

इंदूरच्या मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या त्याचा रियाज चालू आहे. घरात, दारं लावून, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांची यथेच्छ टिंगल चालते: यांच्या पोह्यांवर ना शेव ना जीरावन, यांच्याकडे जायचं तर आठ दिवस आधी कळवावं लागतं, आणि गेल्यावर विचारतात काय, तर परतीचं तिकीट कधीचं आहे. पण बाहेर, छप्पन दुकानला, एखादा भिया सहज म्हणाला की "यार, तुम्हारे बंबई वाले बड़े रूखे होते हैं", की आमचा माणूस लगेच बाह्या सरसावतो. त्याला लोकलचा वक्तशीरपणा आठवतो, डबेवाले आठवतात, 26 जुलैच्या पुरात अनोळखी लोकांनी घरात घेतलेली माणसं आठवतात. स्वतः तो मुंबईत लग्नकार्यापलीकडे राहिलेला नसतो. होळकरांच्या काळापासून आम्ही इथे, म्हणजे स्वतःला पाहुणे म्हणवून घ्यायचीही सोय नाही. तरी चारचौघांत आपण किती जण आहोत, हा हिशेब मनात कुठेतरी चालूच असतो. संख्या कमी असली की माणूस आपल्या लोकांची उणीदुणी चव्हाट्यावर काढत नाही.

खेळात मात्र आमची पंचाईत होते. होळकरांचा संघ रणजी खेळायचा तेव्हा प्रश्न नव्हता, इंदूर ते इंदूर आणि मुंबई ती मुंबई. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे अशी माणसं, आणि 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा करंडक. मला मात्र त्याच्या आदल्या मोसमाचा, 1944-45 चा अंतिम सामना जास्त आवडतो. तो होळकर हरले. मुंबईत, ब्रेबर्नवर, 374 धावांनी. पण शेवटच्या डावात होळकरांकडून एक गोरा सोजीर नाबाद 249 करून उभा राहिला: डेनिस कॉम्प्टन. युद्धामुळे फौजेत, नेमणूक महूला, म्हणून खेळला होळकरांकडून. हाच कॉम्प्टन 1950 साली आर्सेनलकडून एफए कप जिंकला. तेव्हा "इंदुरात कसलं आलंय फुटबॉल?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, आमच्या बाजूने मुंबईत अवे सामना खेळलेला माणूस पुढे वेम्बलीवर कप उचलून गेलाय. आमच्याकडून तो क्रिकेट खेळला होता, ही किरकोळ बाब.

मग जून 2022 आलं. मध्य प्रदेशाने बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर मुंबईलाच 6 गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक आणला. प्रशिक्षक कोण, तर चंद्रकांत पंडित, मुंबईचेच. आमच्या वाड्यात पेढे वाटले. माझे काका बँकेतून निवृत्त झालेले, सगळी हयात इंदुरात गेलेली, पण गावस्करनंतर त्यांनी देव बदललेला नाही. त्यांनी पेढा घेतला, कपाळाला लावला, आणि बशीत ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता, मग मुंग्या लागल्या म्हणून काकूंनी उचलला.

फुटबॉलमध्ये निदान हा पेच नाही. इंडियन सुपर लीगमध्ये मध्य प्रदेशाचा संघच नाही, त्यामुळे मुंबईच्या बाजूने ओरडलो तर मी कुणाशी बेइमानी करतोय असं म्हणायची सोय नाही. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं मी अंधेरीला आत्याकडे होतो. शहाजी राजे भोसले क्रीडासंकुल तिच्या घरापासून चालत जाण्यासारखं. मुंबई सिटीने 2016 मध्ये आपलं बिऱ्हाड नेरुळहून तिथे हलवलं, आणि आत्याच्या घरची शनिवारची भाजी आणायची जबाबदारी माझ्याकडून काढून घेण्यात आली. सात-एक हजारांचं आटोपशीर मैदान, शेजारी आझादनगरचं मेट्रो स्टेशन. जवळ बसलं तर गोलकीपरने बॅकला घातलेली हाक ऐकू येते आणि बॅकने दिलेलं उत्तरही. तिथे मी फुटबॉल बघायला शिकलो, म्हणजेच कुरकुर करायला शिकलो. प्रशिक्षक चुकीचा, बदली खेळाडू उशिरा, कॉर्नर आखूड, वडापाव महाग.

2024 च्या एप्रिलमध्ये मी परत इंदुरात होतो. 24 तारखेला गोव्यात उपांत्य फेरीचा पहिला सामना. 90 मिनिटं होत आली तरी मुंबई 0-2 ने मागे. मी फोन उपडा ठेवून जेवायला बसलो होतो. पुढच्या काही मिनिटांत छांगते, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगते, असे तीन गोल. 3-2. पाच दिवसांनी, सोमवारी 29 तारखेला, अंधेरीत 2-0 आणि मुंबई अंतिम फेरीत.

त्याच सोमवारी इंदुरात भलतंच नाटक झालं होतं. लोकसभेच्या मतदानाला दोन आठवडे उरलेले असताना काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि थेट भाजपमध्ये गेला. राजवाड्यापासून राजेंद्रनगरपर्यंत दुसरा विषय नव्हता. समोरचा संघ मैदानात उतरणारच नाही, मग सामना कसला आणि आम्ही बोटाला शाई लावायची कशाला, असं काका म्हणत होते. मला मात्र समोरचा संघ फार स्पष्ट दिसत होता. कोलकात्याचं मोहन बागान. स्थापना 1889, म्हणजे टिळकांचा सार्वजनिक गणपती बसायच्या आधीची. आणि लीगमध्ये वरचा क्रमांक त्यांचा असल्यामुळे अंतिम सामना त्यांच्याच घरी. त्याच मैदानावर 15 एप्रिलला मुंबईला शील्डसाठी, म्हणजे साखळीत पहिलं येणाऱ्याला मिळणाऱ्या ढालीसाठी, नुसती बरोबरी पुरली असती. तिथे 1-2 ने हरून आले होते. आणखी मागे जायचं तर 12 ऑक्टोबर 2014 ला या लीगचा पहिलावहिला सामना झाला तोही इथेच, आणि कोलकात्याच्या तेव्हाच्या संघाने मुंबईला 3-0 ने घरी पाठवलं होतं. थोडक्यात, शहाण्या माणसाने टीव्ही लावावा अशीच सगळी परिस्थिती.

देवासचा मामेभाऊ नेमका हेच म्हणाला.

"दादा, टीव्हीवर दाखवतात ना?"

"दाखवतात."

"मग? त्या उन्हात कशाला जाऊन राहिलाय?"

उत्तर नव्हतं, म्हणून मी त्याला दक्षिणेश्वर आणि रसगुल्ला अशी दोन आमिषं दाखवली. तो आला. फुटबॉलमध्ये त्याला एवढंच ठाऊक होतं की हात लावायचा नाही.

मुंबईचे बहुतेक लोक विमानाने यायचे होते. आम्ही तत्काळमध्ये क्षिप्रा एक्स्प्रेस पकडली. आईने दशम्या आणि लसणाची चटणी दिली होती, स्टीलच्या उभ्या डब्यात. तो डबा पुढे गोत्यात आणणार होता. गाडीबद्दल विशेष काही सांगण्यासारखं नाही. ती मध्य प्रदेश सोडता सोडत नाही, मग एकदम गया येतं, आणि पिंडदानाला निघालेली मंडळी उतरून गेली की डबा रिकामा होतो. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी जर्सी बघून विचारलं, "खेलने जा रहे हो?" मामेभाऊ म्हणाला, "नहीं बाबूजी, चिल्लाने जा रहे हैं."

त्या आठवड्यात कोलकात्यात पारा 43 पर्यंत जाऊन आला होता. इंदूरचं ऊन माणसाला भाजतं आणि सोडून देतं. तिथलं ऊन अंगाला चिकटून बसतं. हावड्याला उतरलो आणि मेट्रोत शिरलो. हुगळीच्या खालून जाणारा हा टप्पा मार्चमध्येच सुरू झालेला, त्यामुळे डब्यात निम्मे लोक कामावर निघालेले आणि निम्मे नुसते नदीखालून जायला आलेले. नदी आली की बोगद्यात निळे दिवे लागतात आणि सगळे फोन वर होतात. एस्प्लनेडला मात्र ही लाइन तेव्हा संपायची. दुसरा तुकडा सियालदहून सुरू होऊन स्टेडियमकडे जायचा. मधली जागा बसने ओलांडायची.

आणि इथेच मला मजा वाटली, कारण सियालदाला जो जुना सर्क्युलर रोड लागतो तो ज्या रेषेवर आहे, ती आमच्यासाठीच आखलेली. 1742 साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात शिरल्या तेव्हा कलकत्त्याच्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठा डिच. तो पुरा झाला नाही आणि मराठे काही कलकत्त्यात आले नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला. पण गावोगाव ज्यांची घरं जळाली ते विसरले नाहीत. बर्गी, म्हणजे मराठा स्वार, येतील म्हणून मुलांना झोपवणारं अंगाईगीत तिकडे अजून म्हणतात. शाळेत आपण हा इतिहास अटकेपार झेंड्याच्या बाजूने शिकतो. त्या झेंड्याखाली कोण चिरडलं गेलं हे कळायला बंगाली माणसाशेजारी बसावं लागतं.

तो सियालदापुढच्या मेट्रोत भेटला. साठीचे गृहस्थ, खांद्यावर हिरवा-मरून मफलर, तोही त्या उकाड्यात. माझी आकाशी निळी जर्सी त्यांनी खालपासून वरपर्यंत वाचली.

"बोम्बे से?"

"इंदौर से."

"इंदौर!" ते शेजारच्याकडे वळून बंगालीत काहीतरी बोलले, दोघं हसले. "इंदौर में फुटबॉल?"

मी कॉम्प्टन काढणार तेवढ्यात मामेभावाने सांगून टाकलं की आम्ही मराठी. झालं. गृहस्थांचे डोळे चमकले. "ओ, बोर्गी! आप लोग के लिए इतना बड़ा नाला खोदा था, फिर भी आ गया!" सगळा डबा हसला. मी म्हटलं, ते भोसले नागपूरचे, आम्ही होळकरांकडचे, आमचा काही संबंध नाही. हा खुलासा अर्थातच कुणी ऐकला नाही. मग त्यांनी 1911 सांगितलं: अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड जिंकली ती गोष्ट. आपल्याकडे एखादा म्हातारा अफझलखानाचा वध सांगतो ना, तशी. म्हणजे स्वतः तंबूत हजर असल्यासारखी. "आज रात को चिंगड़ी खाएगा," उतरताना म्हणाले. बागान जिंकलं की कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा, हा तिथला शिरस्ता. "आप भी आना. हारने के बाद भूख लगता है."

फाटकाशी डब्याचं प्रकरण झालं. नाणी नको, पॉवर बँक नको, आणि स्टीलचा डबा तर नकोच नको. मामेभाऊ पोलिसाला समजावून सांगू लागला की यात लसणाची चटणी आहे. पोलिसाने झाकण उघडून वास घेतला आणि त्याचा निर्धार अधिकच पक्का झाला. शेवटी एका चहावाल्याकडे डबा ठेवला, त्यातल्या दोन दशम्या त्याला देऊन.

सॉल्ट लेक स्टेडियमचं खरं नाव विवेकानंद युवा भारती क्रीडांगण. 1984 चं बांधकाम. आता खुर्च्या बसवून क्षमता कमी केली आहे, पण 13 जुलै 1997 ला ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा फेडरेशन कपचा उपांत्य सामना बघायला इथे 1,31,781 माणसं होती. भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकलं. या शहरात फुटबॉलचं वेड कौतुकाच्या पलीकडचंही आहे. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात दंगल होऊन चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक मेले. प्रेक्षकांच्या दोन गटांत रिकाम्या खुर्च्या आणि पोलिसांची रांग का ठेवायची, हे तिथे कुणाला समजवावं लागत नाही.

आम्हाला दिलेला कोपरा छोटा होता. अंधेरीच्या स्टँडमधले ओळखीचे चेहरे एकेक करून दिसू लागले. ढोल होते, मोठं कापडी निशाण होतं, आणि ज्यांच्याशी घरी कधी मान हलवण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं त्या माणसांनी मिठ्या मारल्या. "इंदूरहून? ट्रेनने?" त्या रात्रीपुरता मला फार मान होता.

आमच्यासमोर पोलीस उभे, मैदानाकडे पाठ करून. त्यांची ड्युटी आमच्याकडे बघायची. मी सामन्याइतकंच त्यांच्याकडे बघत होतो. त्यातला एक कोवळा शिपाई, मिसरूड फुटलेला. मागे काय चाललंय ते त्याला फक्त आवाजातून आणि आमच्या तोंडांवरून कळायचं. चेंडू मुंबईच्या गोलकडे आला की आमचे चेहरे आवळायचे, आणि ते बघून त्याचा चेहरा, नवल म्हणजे, आमच्यासारखाच आवळायचा. मला उलगडा होईना. पाण्याचा पाउच पुढे करताना तो ओठ न हलवता म्हणाला, "हम ईस्ट बंगाल."

प्रेक्षकसंख्या 62,007 अशी जाहीर झाली. टीव्हीवर तो आवाज वरून येतो. तिथे तो सिमेंटमधून पायांत चढतो. पहिली वीस मिनिटं आम्ही ढोल बडवत होतो आणि ते फक्त आम्हालाच ऐकू येत होते. मामेभावाने पंचविसाव्या मिनिटाला आपलं पहिलं तांत्रिक मत दिलं: "दादा, हा आपला पलीकडचा काही पळून नाही राहिला." पुढच्या रांगेतले ते कुरकुरे गृहस्थ गर्रकन वळले. वाटलं, आता सुरू होणार यांचं. ते म्हणाले, "आज नाही. आज त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही." एखाद्या आजाऱ्याबद्दल बोलावं अशा आवाजात.

44व्या मिनिटाला बागानच्या पेट्राटोसने लांबून मारला, आपल्या गोलकीपर लाचेन्पाच्या हातून चेंडू सुटला आणि कमिंग्जने तो आत ढकलला. 1-0. अंधेरीत हे झालं असतं तर मध्यंतरात लाचेन्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. इथे कुणी त्याचं नावही काढलं नाही. मध्यंतरात आमच्या कोपऱ्यात ज्या विषयांवर चर्चा झाली ते असे: परतीची विमानं, कोलकात्यात बिर्याणीत बटाटा का घालतात, आणि इंदूरच्या सराफ्यातली खाऊगल्ली रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते. लाचेन्पा वॉर्मअपला परत आला तेव्हा त्याच्यासाठी असा काही गजर झाला की त्याने मान वर करून बघितलं.

53व्या मिनिटाला नोगेराचा लांब पास, परेरा डियाझ एकटा, आणि 1-1.

इथे लिहिणारे लोक लिहितात की मैदान चिडीचूप झालं. तसं काही झालं नाही. साठ हजार माणसं भांडायला लागली, पण आमच्याशी नव्हे. आपल्या बॅकशी, आपल्या प्रशिक्षकाशी, एकमेकांशी. पोलिसांच्या पलीकडे एक बाई उभी राहून मैदानातल्या कुणाला तरी नाव घेऊन झापत होती. घरात भात करपवलेल्या पोराला झापावं तितक्या हक्काने. बंगाली समजत नसूनही मला तो मजकूर शब्दशः समजला. अंधेरीच्या स्टँडमध्ये मी तोच बोलत आलोय. आणि मला तिचा चक्क हेवा वाटला. आम्ही बरोबरी साधली होती, पण संघ तिचा होता तसा त्या घडीला आमचा नव्हता. आम्हाला फक्त प्रेम करायची परवानगी होती. कुरकुर हा मालकीचा सातबारा आहे, तो घरी ठेवून आलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या.

इंदुरात बसून मुंबईवर जीव टाकणं सोपं का आहे, हे मला त्या कोपऱ्यात उभं राहून दिसलं. काकांना सकाळची विरार लोकल पकडायची नसते. आत्याला पकडायची असते, म्हणून ती मुंबईला रोज शिव्या देते, आणि तीस वर्षं झाली, मुंबई सोडत नाही. दोघांतलं कोणाचं प्रेम खरं, हे ठरवायला गेलो तर मी आत्याच्या बाजूने मत देईन. काकांसमोर नाही.

81व्या मिनिटाला बिपिन सिंगने दुसरा गोल केला. या बिपिनचं आणि बागानचं काही पूर्वजन्मीचं असावं. 13 मार्च 2021 च्या अंतिम सामन्यात, गोव्यात, रिकाम्या मैदानावर, एटीके मोहन बागानविरुद्ध 90व्या मिनिटाला विजयी गोल याचाच. त्याच सामन्यात बागानच्या टिरीने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घातला होता. या खेपेला मात्र टिरी मुंबईचा. भरपाई वेळेत, 97व्या मिनिटाला, वोइतुसने तिसरा घातला तेव्हा पलीकडचे स्टँड अर्धे रिकामे होत आले होते आणि मामेभाऊ कुणा अनोळखी बोरिवलीकराच्या खांद्यावर होता. शिपाई तोंड गंभीर ठेवून बुटाची नाडी बांधायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. करंडक उचलला राहुल भेकेने. कर्णधार, आणि मुंबईचाच पोरगा. मराठी आडनाव लाउडस्पीकरवर बंगाली उच्चारात ऐकताना कोपऱ्यातल्या अमराठी मंडळींनीही शिट्ट्या मारल्या.

मग आम्हाला थांबवून ठेवलं. घरचे प्रेक्षक पांगेपर्यंत पाहुण्यांना सोडायचं नाही, हा रिवाज जगभर आहे. त्या रिकाम्या वेळात गप्पा निघाल्या. इंग्लंडात पाहुण्यांचा कोपरा ही आता हक्काची गोष्ट आहे. प्रीमियर लीगने 2016-17 पासून त्यांच्या तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा घातली, कारण या लोकांशिवाय टीव्हीवरचा सामना मचूळ होतो हे क्लबांना कळलं. उलट अर्जेंटिनात 2013 मध्ये एका प्रेक्षकाचा जीव गेल्यावर लीगमध्ये पाहुण्यांना बंदीच घातली. मग तिथले चाहते परक्या मैदानात तटस्थ म्हणून शिरायचे आणि आपला गोल झाला की हाताची घडी घालून बसायचे. कुरकुरेकाका म्हणाले, "गोल झाल्यावर गप्प? मला अ‍ॅटॅक येईल." कुणीतरी 2022 चा गोव्यातला अंतिम सामना काढला. करोनाची दोन वर्षं बंद मैदानात गेल्यावर पहिल्यांदा लोकांना आत सोडलं आणि अर्धं केरळ फातोर्ड्याला लोटलं. हैदराबादने पेनल्टींवर जिंकला. त्या सामन्याला येताना वाटेत अपघातात केरळचे दोन तरुण गेले. त्यावर कुणी काही जोडलं नाही. ढोलवाल्याने दोऱ्या सैल करायला घेतल्या.

बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावर हिरव्या-मरून जर्सींचे घोळके अजून होते. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. एकाने फक्त हात जोडून "फिर आना मत" म्हटलं. चहावाल्याने डबा परत दिला, धुऊन. चटणी संपली होती.

परतीच्या गाडीत मामेभाऊ झोपला, मी नाही. मधे कुठेतरी आत्याचा फोन आला. तिला निकाल माहीत होता, त्यावर तिने एक वाक्य खर्चलं. बाकीचा वेळ तिच्या गल्लीत महिनाभर खणून ठेवलेल्या रस्त्याबद्दल.

सप्टेंबरमध्ये नव्या मोसमाचा पहिलाच सामना पुन्हा तिथेच लागला, 13 तारखेला, मोहन बागानविरुद्धच. पण घरी दहा दिवसांचा गणपती, जाणं शक्य नव्हतं. आरतीची तयारी चाललेली, मखराशेजारच्या टीव्हीचा आवाज बंद करून चित्र चालू ठेवायची तडजोड काकांनी करून दिली. 9व्या मिनिटाला टिरीने चेंडू पुन्हा स्वतःच्याच जाळ्यात घातला, या वेळी बागानच्या फायद्याचा. मी जे बोललो ते गणपतीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात देवासहून फोन. मामेभाऊ आता नियमित बघतो, आणि त्याला मतं फुटली आहेत. "दादा, हा टिरी कोणत्या बाजूचा आहे? याला काढून का नाही टाकत?"

मी त्याला समजावू लागलो. चेंडू अंगावर येऊन लागला, त्याची काय चूक, वय बघ, अनुभव बघ, तू बघच, हाच भरून काढेल. (काढलाही. 70व्या मिनिटाला एक गोल त्याचाच, 90व्याला क्रौमाने दुसरा केला आणि 2-2 झाले.) बोलता बोलता डोळे टीव्हीवर होते, टिरीने परत एक पास चुकवला, आणि फोनवर हात धरून मी त्याला आणखी एक हासडली.

"आधी ठरव तुझं काय आहे ते," काका म्हणाले.

"ते नंतर ठरवेल," आई म्हणाली. "फोन ठेव आणि निरांजन धर, कापूर विझतोय."